विहिरीत निघालेल्या शिंपल्या

बाबा, पाऊस फसला त्या वर्षी तुम्ही खणलेली विहीर अजून आहे. डोंबिवलीच्या सोसायट्या तिच्या कडेपर्यंत आल्यात, तिच्या पाण्याला आता कुणी विचारत नाही. पिवळी माती संपून काळा चिखल लागला तो दिवस मला सारखा आठवतो. घमेल्यातून शिंपल्या वर यायला लागतात. खाडी तिथून किती लांब! तुम्ही एक शिंपली लुंगीला पुसता, हसता. "दर्या हितं होता रं. मंग गेला. त्याची मर्जी." आणि पुन्हा खाली उतरता.

'मर्जी' या शब्दावर माझी बरीच वर्षं निभावली. आता मुलगी कल्याणला कॉलेजात जाते. ती सांगते, कोळशाच्या धुराने पृथ्वी तापतेय, कुठे कुठे बर्फ वितळतंय, समुद्र चढणार. मी कारखान्यात बॉयलरवर, हे तुम्हांला ठाऊकच आहे. "अप्पा, तुमच्या चिमणीचा धूरही त्यातच," म्हणाली. "मग तुझी फीसुद्धा त्याच धुरातली," मी म्हटलं. दोघंही हसलो, पण मला ते लागलं. कारखान्यातले केमिस्ट साहेब उलटं सांगतात. "अहो, बर्फाची युगं आली आणि गेली. तेव्हा कोण बॉयलर पेटवत होतं?" मला तुमच्या शिंपल्या आठवतात आणि साहेबांचं पटतं. घरी येऊन मुलीला विचारलं तर ती म्हणते, "ते खरंच आहे अप्पा. पूर्वी आपोआप बदलायचं, पण फार सावकाश. आता आपण ढकलतोय." ती बोलत असते तोवर समजतं. सकाळी देवापुढे दिवा लावून हात जोडले की सगळं विस्कटतं. त्याची मर्जी असेल तर मी काय मागायचं? आणि आपलंच काम असेल तर कुठल्या तोंडाने मागायचं?

हे नुसतं डोक्यात राहिलं असतं तर चाललं असतं. पण धाकट्या भावाला खाडीच्या बांधालगतच्या खालच्या शेतात घर बांधायचं होतं. जमीन दोघांच्या नावावर, त्यामुळे माझ्या होकारासाठी तो अडून होता. त्याची पोरं लहान आहेत. "दादा, खाडी आलती ती गेली. बांध हाय ना. आता कनाला येल?" शिंपल्या त्यानेही पाहिल्या होत्या, त्याच दिवशी, माझ्या शेजारी उभं राहून. मी मुलीचं बोलणं सांगायला गेलो, मध्येच अडखळलो. तो म्हणाला, "तुला तरी कललंय का?" नव्हतं कळलं. तेव्हा मी म्हणालो, बाबांनी जाताना मला सांगितलं होतं, त्या शेतात घर बांधू नका.

 त्याने घराच्या नकाशाची गुंडाळी केली आणि तुमच्या फोटोला हात जोडून गेला. आता रस्त्याकडच्या अडचणीच्या जागेत दोन खोल्या काढतोय.

तुम्ही असं काही सांगितलं नव्हतं. हे पत्र तुम्हांला पोचणार नाही आणि त्याला दाखवायची माझी छाती नाही. परवा त्याची धाकटी विचारत होती, "आजोबा तसं का बोलले?" मी म्हटलं, त्यांना ठाऊक असणार. ती समाधानाने खेळायला गेली. बाबा, मी खरंच पोरांना वाचवलं, की भावाचं घर मोडलं, हे मला अजून सांगता येत नाही.