‘भाईर’ला हात लावायचा नाही

लिहून ठेवणार : अक्काताई परशराम गोरल, वय ६७, राहणार येळ्ळूर, तालुका बेळगाव.

कारणे हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. आजवर मी यंत्रांचे पार्ट बदलले, आता माझी पाळी. मी पूर्ण शुद्धीवर आहे, कुणाच्या दबावाखाली नाही. ती सवय मला कधी नव्हती. माझी मराठी शुद्ध आहे की नाही, हा प्रश्न मात्र माझ्या भावाने पुन्हा काढू नये. त्यासाठी कलम चार आहे.

१. वडिलांनी माझ्या नावे करून दिलेल्या दोन खोल्या तेजस्वीला द्याव्यात. तेजस्वी म्हणजे माझ्या भावाची सून, ओमकारची बायको. ओमकारने रुसू नये. पोरगा गुणाचा आहे, पण त्याला साधा फ्यूज बदलता येत नाही. उताऱ्यावर नाव तिचंच लागावं.

२. बँकेतली शिल्लक आणि कॉइल गुंडाळायचं हातमशीन निपाणीच्या माझ्या भाचीला, नीलमला. तिचं पंपाच्या मोटारी वाइंडिंग करायचं दुकान आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं ट्रान्सफॉर्मर वाइंडिंग केलं. कारखाना बंद पडला तेव्हा मालकाने सगळ्यांना शाल दिली. मी मशीनही मागून घेतलं. शाल कपाटात आहे, ज्याला हवी त्याने घ्यावी.

३. यंत्र. ते सिंथेसायझर आहे, पण त्याला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. वेगवेगळी मॉड्यूल शेजारी शेजारी बसवलेली असतात. एक सूर काढतं, दुसरं गाळतं, तिसरं लहानमोठा करतं, आणि एकातून दुसऱ्यात वायर घातली की आवाज पालटतो. ओमकारने बेंगळुरूहून असला एक किट आणला होता, तो दोन महिने मुका. मी उघडून बघितला तर डायोड उलटा! सरळ केला आणि असा घुमला की शेजारीण विचारायला आली. साठाव्या वर्षी मला हे वेड लागलं. आज बावीस मॉड्यूल आहेत, सगळी घरची, एकेक वायर हाताने जोडलेली. त्यातली नऊ तेजस्वीने सोल्डर केलीत.

म्हणून यंत्रही तेजस्वीला. फोडून एकेक मॉड्यूल विकायचं नाही. मागे एक गृहस्थ बघायला आले होते, “पॅनेलं इंग्रजीत करून घेतो” म्हणाले. त्यांना चहा दिला, यंत्र न्हाय. तेजस्वी, सर्किट तुला हवं तसं बदल. फक्त वीज पुरवणाऱ्या रिबन वायरची लाल कड उणे बारा व्होल्टच्या बाजूला ठेव. घाईत उलटी लावलीस तर चिप जळेल, आणि शिव्या द्यायला मी नसेन.

४. पॅनेलं. मॉड्यूलच्या तोंडावरच्या अल्युमिनियमच्या पॅनेलांवर नावं कोरायची होती, ती मी बोलते तशीच लिहिली. वायर शिरते तिथं ‘आत’, आवाज निघतो तिथं ‘भाईर’. खटक्याला ‘व्हय’ आणि ‘न्हाय’. फिरवायच्या बटणाच्या एका टोकाला ‘जरा’, दुसऱ्या टोकाला ‘लई’. कागद अण्णाबरोबर लेझरवाल्या मष्णूकडे पाठवला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ नागेंद्र, छत्तीस वर्षं मराठीचा मास्तर. वाटेत त्याने खिशातलं लाल पेन काढलं. पॅनेलं आली ती ‘बाहेर’, ‘होय’, ‘नाही’, ‘किंचित’ आणि ‘अधिक’ घेऊन. धातूत कोरलेलं पुसायचं कशानं?

“अगं, चार लोक बघतील. हसतील की आपल्याला,” अण्णा म्हणाला.

“हसू देत. आई काय ‘किंचित मीठ घाल’ म्हणत होती व्हय रं?”

तो तडक उठून गेला. त्याला दोन वर्षं झाली. आमच्या घरांत एक भिंत, आणि बोलणं बंद.

मीही हटले नाही. सगळी पॅनेलं पालथी केली. तशी उजवीकडची भोकं डावीकडे गेली, म्हणून बावीसच्या बावीस मॉड्यूलचं वायरिंग उलटं करून घेतलं. सात महिने लागले. मग कोऱ्या बाजूवर टोच्याने माझे शब्द स्वतः कोरले. आता अण्णाची मराठी आतल्या अंगाला आहे आणि माझी भाईर.

मराठीच्या प्रत्येक मोर्च्यात अण्णा पुढे चालला. त्याची भाकरी मी बांधून दिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण अण्णा, ज्या मराठीसाठी चाललास, ती आपल्या घरात बोलतात तीच ना रं? तुझं ते लाल पेन माझ्या जिव्हारी लागलं.

तरी, कोरलेला एकही शब्द कुणी बदलू नये. तेजस्वीचं माहेर संकेश्वरचं, कन्नड बोलणारं. तिने नवं पॅनेल केलं तर त्यावर ‘जरा’ आणि ‘लई’च्या जागी तिच्या आईच्या तोंडचं ‘स्वल्प’ आणि ‘भाळ’ येऊ दे. तिथंही कुणी पेन काढू नये.

५. अण्णाला मी काहीही ठेवलेलं नाही. वकील केतकीबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही न मिळालेलं बरं, आणि मला साक्षीला अण्णाच हवा आहे. माझं पहिलं अक्षर त्यानेच पाटीवर गिरवून घेतलं होतं. तो येईल की नाही, ठाऊक नाही. आलाच तर लाल पेन घरी ठेवून यावं. एक अक्षर जरी दुरुस्त केलं तर दुसरा साक्षीदार बघा. ऑपरेशनला जाण्याआधी मला एवढंच बघायचं आहे.

ठिकाण : बेळगाव
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२५
सही : अक्काताई परशराम गोरल

साक्षीदार :

१. मष्णू कल्लाप्पा सुतार, लेझर कोरकाम, उद्यमबाग. सही माझ्यासमोर केली.

२. नागेंद्र परशराम गोरल, निवृत्त मराठी शिक्षक, येळ्ळूर. अक्काताईने माझ्यासमोर सही केली. मजकूर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खाडाखोड : न्हाय.