दोन मुकादम, पाच सर्व्हर

१८ मे २००९, गुलबर्गा
तुरीच्या भावाची बातमी चारला पाठवून मोकळा. वै. तिच्या सॉफ्टवेअर कंपनीतून आली ती चप्पल न काढताच थेट ओट्यापाशी. बायकोचा राग मला तांब्याच्या आवाजावरून कळतो. फॉर्मची चाचणी बिघडली. कॉलेजांचे प्रवेश यंदा पहिल्यांदाच इंटरनेटवरून, कन्नड-मराठी-उर्दू-इंग्रजी. मराठी मजकूर मी लिहिलेला, बाकी सगळी यंत्रणा तिची. मुलं फॉर्म भरतात आणि मध्येच पान कोरं होतं. बेंगळूरहून तिच्या साहेबांचा, प्रकाश सरांचा फोन: मराठी सर्व्हरला भार पेलत नाही. मराठी-उर्दू काढून टाका, तिकडं सगळ्यांना कन्नड येतंच.
"येतंय की," वै. मला म्हणाली. "म्हून काय झालं?" जेवली नाही.

१९ मे
सकाळी चहाला तिनं सगळं पुन्हा सांगितलं. मला कळावं म्हणून थोडं, स्वतःला कळावं म्हणून जास्त. पाच सर्व्हर. त्यांच्यापुढं दोन मशीन, त्यांना ती मुकादम म्हणते. आलेला माणूस आधी मुकादमाकडं. कुणावर किती काम आहे ते बघून मु. त्याला एका सर्व्हरवर बसवतो, आणि कोण कुठं बसलाय ते ध्यानात ठेवतो. ते बसणं म्हणजे सेशन. मु. दोन अशासाठी, की एक पडला तर दुसऱ्याला सगळं ठाऊक असावं. म्हणून दोघं सतत एकमेकांना सांगत राहतात.
सर्व्हर वाटले भाषेप्रमाणं. दोन कन्नडला, बाकीच्या भाषांना एकेक. ही आखणी बेंगळूरची. ऐकायला नीटनेटकी. मग बिघडतं कुठं?

२१ मे
उकाडा. महिनाअखेरीला सर निर्णय घेणार. ८ जूनला फॉर्म उघडायचे. माझा मराठी मजकूर जाणार म्हणून वाईट वाटतंय की तिचं नाव जाणार म्हणून, हे स्वतःला विचारून पाहिलं. तिचं.

२३ मे, आळंद
तिचा भाऊ दत्तूअण्णा मादन हिप्परगा या गावाहून लेकीला, मंगलला, घेऊन आला. बारावी पास. घरातली मेंढरं आजोबा वारले तशी गेली, आता शेती. इंटरनेटच्या दुकानात तिच्याकडून चाचणीचा फॉर्म भरून घ्यायचा. वै. मागं हाताची घडी घालून उभी. मंगलनं कन्नडात सुरुवात केली, शाळा कन्नड. नाव, गाव, मार्क. फीच्या पानावर आली आणि मराठी दाबलं.
अण्णा: "कामून बदलायलीस गं? बरं चाललं हुतं की."
"तुमाला वाचून दावायले अप्पा. फी तुमीच भरणार न्हवं?"
अण्णांनी सवलतीची ओळ दोनदा वाचायला लावली. मग ती परत कन्नडवर. पान कोरं.
"आत्या, माजं नाव कुटं गेलं?"
"दाजी," अण्णा माझ्याकडं वळून, "तुमच्या मराठीनं खाल्लं बघा पोरीचं नाव."
दुकानदार हसला, मीही. वै. नाही. "पुन्यांदा भर," म्हणाली. पुन्हा तेच. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी उर्दू आणि कन्नड करत होती. तिचंही तेच.
परतीच्या एसटीत आळंद सुटेपर्यंत तिकिटाच्या मागं चौकोन काढत होती. मग एकदम: "भाषा बदलली की मुकादम तिला नवा माणूस समजायलाय, अहो. दुसऱ्या सर्व्हरवर बसवतो. पयल्या जागी भरलेलं तिचं काहीच नव्या जागी येत न्हाई, आन् ती पयली जागा अर्धा तास तशीच अडकून ऱ्हाते."
म्हणजे मराठी सर्व्हर भरलेला दिसतो, पण तिथली माणसं केव्हाच उठून गेलेली.
"म्हणजे सरांचा आकडा खोटा?"
"आकडा खराच हाय. माणसं खोटी."
फी घरच्यांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायची, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. म्हणूनच कुणी सांगितलं नाही. तिलाही सुचलं नाही. हे ती तीनदा म्हणाली.

२५ मे
तिनं सगळं उलटं केलं. आता प्रत्येक सर्व्हरला सगळ्या भाषा. माणसाला एकच जागा. भाषा बदलली तरी जागा तीच. भार मोजायचा तो खरोखर काही मागणाऱ्यांचा, नुसत्या अडवलेल्या जागांचा नाही. दोन्ही मुकादमांना हे सारखंच ठाऊक. सरांशी फोनवर कन्नडात बराच वेळ. त्यातलं एक वाक्य मला पाठ झालं: भाषा म्हणजे माणूस नाही, सर.
सर म्हणाले, स्वतः येऊन बघतो.

२९ मे
चाचणी. कॉलेजची कॉम्प्युटरची खोली. राजेश्वर, आळंद अशा गावोगावांहून आलेली मुलं. प्रकाश सर सकाळच्या गाडीनं आले. सभ्य माणूस, आवाज चढवत नाही.
वै. मुलांना: "घरी बोलता तसंच भरा. भाषा पाहिजे तितक्या येळा बदला."
मोकाट सुटली पोरं. सर पडद्यावर आकडे बघत. भार पाचही सर्व्हरवर सारखा. आणि मग तिनं कुणाला न सांगता कोपऱ्यात मांडलेल्या एका मुकादमाची वायर उपटली. सर खुर्चीतून अर्धे उठले. मीही. दुसऱ्यानं सगळ्यांना सांभाळलं. एका मुलानं मान वर केली.
"मॅडम, पंखा वाढवा की!"
बाकी तक्रार नाही. सर म्हणाले, "चेन्नागिदे." छान आहे. पण लगेच पुढं: आज एक खोली आहे, आठ तारखेला तीन-चार तालुके असतील. एकाचाही फॉर्म कोरा झाला तर त्याच घडीला मराठी-उर्दू बंद.
ती "हो" म्हणाली. बातमीदारानं टाळ्या वाजवायच्या नसतात. हात खिशात घातले.

८ जून
उघडले. वै. सकाळीच गेली. मला दिवसभर ओळ सुचली नाही. दुपारी तिचा फोन: "गर्दी लई हाय, पन वाटून जायलीय. न्हाई, कुनाचंच कोरं न्हाई."
अण्णांचा फोन आळंदहून. मंगलचा फॉर्म गेला. "आमच्या वैजीनं केलंय म्हून सांगायलोय दुकानात, तर कुनी मानंना. दाजी, पेपरात छापा की!" स्वतःच्या बायकोची बातमी देता येत नाही, म्हणालो. "मग कशाचे पेपरवाले तुमी?"
संध्याकाळी ती घरी आल्यावर सरांचा फोन: उद्याही चारही भाषा चालू ठेवू. खरी गर्दी शेवटच्या दिवशी, तेव्हा बघू. ती म्हणाली, बघा.
फोन ठेवून माझ्याकडं: "अहो, फीच्या पानावर तुमचं वाक्य लई लांब हाय. मराठीवाले तिथंच अडकून बसायलेत."
पंचवीस वर्षं बातमीत दुसऱ्यांची वाक्यं कापली. आता माझं. कापलं, दाखवलं.
"अजून," म्हणाली.