पानाचं छप्पर आणि ताईची गादी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून (कंबर परवानगी देते तितकं) नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्यावरच गेलेत, म्हणून विचारतो. (अक्षर मोठं आलंय, कागद मोठा होता म्हणून.) ज्या घरात माझ्यासाठी कुणाला बादल्या वाहाव्या लागतात तिथे मी राहायला येणार नाही, असं तू मागे बजावून गेलीस. तेव्हापासून तुझ्या भाचीने काय उद्योग केला ते सविस्तर कळवतो.

पोरगी घरं आखते हे तुला ठाऊकच आहे. लोकांची आखता आखता तिने आपल्याच घराचं छप्पर उतरवलं आणि नवं घातलं, ते झाडाच्या पानासारखं. मधोमध जाड शीर, तिला येऊन मिळणाऱ्या बारीक शिरा, दोन्ही बाजू आत झुकलेल्या आणि शेवटी देठ. पावसाचं पाणी शिरांतून देठात आणि देठ बैठकीतून थेट जमिनीखालच्या टाकीत, तिथून पंपाने नळाला. (हो, बैठकीतून, माझ्या खुर्चीशेजारून. पाहुणे खांब समजून टेकतात.) मी जन्मभर कपडे शिवले, रेनकोटही शिवले; पाणी बाहेरच्या बाहेर ओघळलं पाहिजे एवढं मला कळतं. मी म्हटलं, हा कोट उलटा शिवलाय. ती म्हणाली, आत्यासाठी शिवलाय.

देठाच्या तोंडाशी तिने जाळी बसवली होती, चांगली ढगळ. मला वाटलं, ताई हे पाणी वापरणार, त्यात कचरा कशाला? म्हणून मलमलीचं दुपदरी झाकण शिवलं, कडेने इलास्टिक घातलं, आणि पोरगी कामावर गेल्यावर शिडी लावून बसवून आलो. (शिडीवरून ओरडू नकोस. ती ओरडून झाली आहे.)

पाऊस आला तो धो धो. झाकणावर पाचोळा बसला, देठ बंद झाला आणि छपराचं तळं झालं. तळं भरलं ते तुझ्या खोलीच्या झरोक्यातून, तुझ्यासाठी घातलेल्या नव्याकोऱ्या गादीवर उतरलं. मी पातेली घेऊन धावलो. पातेली संपली तेव्हा बूट लावले. तेवढ्यात पोरगी भिजून आली, तशीच वर चढली आणि झाकण टराटरा कापलं. माझ्या कात्रीने! जिने जन्मात साधा कागद कापला नाही त्या कात्रीने! देठातून पाणी घळघळत खाली निघालं. ती उतरल्यावर आम्ही दोघं देठाला कान लावून, टाकी भरताना ऐकत उभे राहिलो. मग गादी पिळत ती एवढंच म्हणाली, "बाबा, आत्याच्या खोलीत पाणी पोचलं की नाही?"

मला इतकं हसू आलं की डोळे पुसावे लागले. फार गुणी आहे गं पोर.

तर पाणी आहे, बादली नाही. आता सबब सांगू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. गादी वाळली. थोडे गोळे झालेत, पण तुला कडकच हवी होती ना?

आणखी एक ता. क. पाचोळ्यावर मी उगाच आळ घेतला. झाकण काल खिडकीशी नेऊन पाहिलं. मलमल म्हणून शिवलं ते रेनकोटचं कापड होतं. ताई, मला दिसलं नाही, आणि बोटांनाही कळलं नाही. कापताना पोरीच्या लक्षात आलं असणार. ती बोलली नाही, मीही बोललो नाही. अक्षर मोठं का, ते आता तुला कळलं असेल. तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचा मला धीर होत नाही. तुझ्याबरोबर जाईन. पाण्याचं राहू दे, त्यासाठी ये. शाळेत नेताना धरायचीस तसा हात धरून ने.