उपेक्षित विचारवंत मा. अजित कांबळे

धुळे, ता. १४ मार्च १९८९

आदरणीय देवचंदभाऊ यांस, धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे आधारचा, सविनय जयभीम.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा दमा कसा आहे? आणि आपले जावईबापू जेवल्यावर अजूनही ताटापाशीच आडवे होतात का? (चेष्टा नाही, काळजीने विचारतो. कारण खाली येईल.)

मी बरा आहे, म्हणजे पीएच.डी. अजून झालेली नाही. विषय तुम्हाला ठाऊकच: भारतीय तत्त्वज्ञानातले उपेक्षित विचारवंत. त्यांत आता मीही मोडतो, असं आमची सौ. लता म्हणते (‘विचारवंत’ हा शब्द वगळून). तर पिंपळनेरच्या एका मंडळाने मला चक्क भाषणाला बोलावलं. मी हुरळलो आणि पोस्टकार्डावर विषय कळवला, अजित केशकंबली. बुद्धांच्या काळातला माणूस, केसांचं कांबळं पांघरायचा, मेल्यावर मागे काही उरत नाही म्हणायचा. पण माझं अक्षर! तिथे पोचतो तर फळ्यावर ‘उपेक्षित विचारवंत मा. अजित कांबळे यांचा भव्य सत्कार’. हार, शाल, वाजंत्री, सभागृह गच्च. मला कोण विचारतो? साहेब मागच्या गाडीने येताहेत, असा सगळ्यांचा समज.

खुलासा करायलाच उठलो होतो हो, पण समोर एवढी माणसं! माझ्या वर्गात पंखा चालू असला तरच पोरं बसतात. खुलासा राहिला, भाषण सुरू झालं. साहेब येऊ शकत नाहीत, एवढं मात्र खरं तेच सांगितलं. पुढे बसलेल्या झुंबरबाई म्हणाल्या, ‘त्यास्ना घर कोन कोन शे?’ म्हटलं, कोणी नाही. लिहिलेलंही काही उरलं नाही, विरोधकांनी लिहून ठेवलं तेवढंच. ‘म्हंजे बठ्ठं वैरीस्नीच लिखं?’ म्हणून म्हातारीने डोळ्याला पदर लावला. (ते वैरी म्हणजे आपलेच बौद्ध ग्रंथकार, हे सांगायची माझी छाती झाली नाही.) भाऊ, मलाही रडू फुटलं. इतकी वर्षं या माणसावर टिपणं काढतोय, पण त्याच्यासाठी जीव असा कधी तुटला नव्हता. त्याच भरात शब्द देऊन बसलो की येत्या रविवारी साहेबांना घेऊनच येतो. शाल तिथे घडी करून ठेवली आहे, आणि झुंबरबाई वाट बघताहेत.

आपला,
आधार

ता.क. जावईबापूंचं नाव अजित आणि आडनाव कांबळे, यात माझा काही हात नाही. त्यांना शनिवारीच धुळ्याला धाडा. पिंपळनेरला जेवण आहे.

ता.क. २. बोलायची धास्ती घेऊ नका म्हणावं. मूळ अजितांचं एक अक्षर शिल्लक नाही, तेव्हा जेवून गप्प आडवं होणं शास्त्राला धरूनच होईल.