नाव पुकारेपर्यंत

११ जानेवारी २०२१
सकाळच्या बोटीने बेटावर पोहोचले. हवा झकास, हॉटेल स्वच्छ, खिडकीतून बंदर दिसतं. मालकीण सिनोवे हिने माशांचं गरम सूप पुढे ठेवलं आणि म्हणाली की, निवृत्त हेडमास्तरीण मिळाली हे बरंच झालं, आता पाहुणे तरी सरळ वागतील. परदेशातून परतलेली माणसं इथे विलगीकरणात आहेत, एका खोलीत एक. आग लागली तर त्यांना बाहेर कसं काढायचं, हे बसवून देणं माझं काम. सगळे एकदम जिन्यात घुसले तर आजार पसरणार. म्हणून नियम केला: भोंगा वाजला तरी दार उघडायचं नाही. मी मजल्यावर येऊन नाव पुकारीन. ज्याचं नाव, त्याने पुढच्या जिन्याने उतरायचं.

१३ जानेवारी
तालीम चोख झाली. मी आडनावं पुकारली, दारं एकामागून एक उघडली. म्हातारा खलाशी आस्लाक जाताजाता म्हणाला की, बाई, शाळेची घंटा कुठे विसरलात? त्याला मास्क नाकावर घ्यायला सांगितलं.
नंतर मजला पुन्हा गप्प. दारांबाहेर ताटं, आत खोकला. मीही खोलीतच जेवते. एकटं जेवायची सवय आहे.

१५ जानेवारी
आस्लाकचा फोन. खुशीत होता. म्हणाला, दुपारी किती मायेने हाक मारलीत बाई, आई गेल्यापासून मला ‘आस्लू’ कोणी म्हटलं नव्हतं. पण दार उघडेपर्यंत तुम्ही गायब.
दुपारी मी बंदरावर होते. तसं बजावलं. तो हसून म्हणाला की, असू दे, कोणाला सांगत नाही.

१७ जानेवारी
आस्लाकची खोली रिकामी. जेवण अजून गरम. मागच्या जिन्यापासून बर्फात पावलं, थेट पाण्यापर्यंत. परतीची नाहीत.
शेजारच्या खोलीतल्या विल्डेने पोलिसांना सांगितलं की, बाईंनीच बोलावलं त्याला, आवाज ओळखते मी. इतकं गोड बोलतात हे ठाऊक नव्हतं.
मी सगळ्यांना कळवलं: यापुढे माझा आवाज आला तरी दार उघडू नका. फोन करीन, तेव्हाच निघा.

१८ जानेवारी
सिनोवेला विचारलं, तुला हाका येतात का. म्हणाली, मला कोण हाक मारणार गं, नवरा होता तेव्हाही ‘ए’ म्हणायचा. हसली. मी निघताच दार मात्र आतून लावून घेतलं.

१९ जानेवारी
वादळ. वीज नाही. फोन बंद. तळघरात आग — खरी. सिनोवे मदत आणायला धावली.
आडनावं पुकारली. एक दार उघडेल तर शपथ. चावी लावली — आतून साखळ्या. विल्डे ओरडली, चालती हो, तू ती नव्हेस, आम्हाला बजावलंय तिने. अगं, मीच ती — मीच —
त्यांची घरची नावं मला ठाऊक नाहीत. विचारली नाहीत कधी.

पुढच्या जिन्याशी बसून लिहितेय. कोणाला तरी कळावं.
मागच्या टोकाकडून माझाच आवाज आला. हळू, लाडिक. विल्डेची साखळी निघाली. मग पुढचं दार. मग सगळीच. ओरडले, इकडे या, तिकडे धूर आहे — कोणी वळून पाहिलं नाही. रडत होते, हसत होते — धुरात —

मजला रिकामा.

आता मला हाक येतेय. घरच्या नावाने. त्या नावाने हाक मारणारं कोणी उरलेलं नाही —

पुढचा जिना मोकळा आहे. हवा स्वच्छ. इकडूनच जायला हवं. इकडूनच —

पुन्हा. किती मायेने —

मी फक्त एकदा ओ