हवालदाराचे पंख

इंदूर
रविवार, २४ एप्रिल १९९४

सौ. सुलोचना हिस,
सप्रेम जय भीम.

मी बरा आहे. तू, आपली पोर मैत्री, तुझे बाबूरावभाऊ आणि वहिनी, सगळे महूला खुशाल असाल. दीड वर्षात मी दोनच पोस्टकार्डं टाकली, तीही मैत्रीच्या नावानं. त्यामुळे हे जाड पाकीट बघून भाऊंच्या कपाळाला आठी पडली असेल. त्यांना सांग, भांडण नाही, ख्यालीखुशाली आहे.

इथे उन्हाळा नुसता पेटलाय. शेजारच्या गंगूबाई रोज दारात उभ्या राहून मला वेड्यात काढतात, कारण मी पंखा लावत नाही. पंखा बिघडलेला नाही. हवालदार आता घरात उडतो, म्हणून मी पंख्याची वायरच काढून ठेवली आहे. चुकून बटण दाबलं गेलं तर काय घ्या. उघडाबंब बसतो आणि पुठ्ठ्यानं वारा घेतो.

हो, आपला हवालदार. आठवतं ना, गळ्यातला लाल पट्टा आणि छाती काढून चालणं बघून हे नाव तूच ठेवलंस, आणि तुझे आबा, पेन्शनीतले खरे लष्करी हवालदार, महिनाभर आपल्याकडे जेवले नाहीत. आता तो पिंजऱ्यात फक्त खायला जातो. आरशावर दोनदा आपटला, म्हणून आरशावर तुझी निळी ओढणी टाकली आहे. दुधावर झाकण, चहावर बशी. बाबासाहेबांच्या तसबिरीवर बसतो आणि तिथूनच घाण करतो. आबा असते तर त्यांनी त्याचं कोर्ट मार्शल केलं असतं. मी रोज सकाळी तसबीर पुसतो आणि मग राजेंद्र नगरच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात कामाला जातो. काम शिकलो. हात अजून चालतात.

तुला वाटेल, पोपटाचे पंख छाटणारा हा माणूस असा कसा बदलला. मिलमधली सूत कापायची कात्री घेऊन मी सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसायचो आणि मिल कामगारांच्या अख्ख्या लाइनीतले पोपट माझ्याकडे यायचे. दोन्ही बाजूंची लांब पिसं, बरोबर मापात. दुखत नाही, नखं कापल्यासारखं आहे, असं मी प्रत्येकाला सांगायचो आणि वर चहा प्यायचो. मिलमध्ये साच्यावर कापड विणताना मला कुणी उस्ताद म्हटलं नाही, पण पोपटांच्या बाबतीत म्हणायचे. त्याची मला मोठी ऐट होती.

गेल्या महिन्यात लाइनीतले कृष्णराव त्यांचा पोपट घेऊन आले. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "अरे भिया, बस दोन पर तर छाटायचे, फिर काय फरक पडतो?" मी म्हटलं, कात्री हरवली. कात्री हरवलेली नाही, तुझ्या शिवणाच्या डब्यात आहे.

एक गोष्ट मला इतकी वर्षं माहीत नव्हती. कापलेलं पीस वाढत नाही. ते तसंच थोटं राहतं, मग आपोआप गळतं, आणि त्यानंतर नवं येतं. मी छाटणं सोडलं आणि वाटलं, पंधरा दिवसांत उडेल. पावसाळाभर एकेक थोटूक फरशीवर सापडत होतं. दिवाळीपर्यंत पंख भरले, तरी तो चालतच होता. पिंजऱ्यातून खाली उतरायचा आणि पायानं स्वयंपाकघरात जायचा. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा उडाला, आणि सरळ दारावर गेला. दाराच्या वरच्या पट्टीवर तासभर बसून होता.

छाटणं का सोडलं, ते लिहायचं मी टाळतोय. हे पान तिसऱ्यांदा लिहितोय, आधीची दोन फाडली.

तू गेल्यावर घर फार शांत झालं. मिलचा भोंगा आधीच बंद झालेला. थंडीत एका सकाळी मी चहा टाकत होतो आणि मागून तुझा आवाज आला. "अहो, कडी काढा. अकरा वाजताहेत." माझ्या हातातून पातेलं पडलं. वळून बघितलं तर हवालदार. मग तो रोज बोलायला लागला. "गंगूबाई, कुणी आहे का?" मग "अहो, बारा वाजले." आणि सगळ्यात शेवटी नुसतंच "अहो," अगदी हळू. मी पिंजऱ्यावर गोधडी टाकली, त्याला मिरची दाखवली, ओरडलो. एकदा कात्रीही काढली, रागानं. त्यानं ती बघितली आणि सवयीनं आपणच पंख पसरला. त्या दिवसानंतर मी कात्री हातात धरली नाही.

सुलोचना, त्या दिवशी, तुझ्या नर्सिंग ट्रेनिंगच्या मुलाखतीच्या दिवशी, कडी चुकून लागली नव्हती. लाइनीतली सगळी बायका-माणसं मिलच्या गेटवर मोर्चाला जाणार, हाक ऐकायला मागे कुणी उरणार नाही, हे मला माहीत होतं. तू मागच्या खोलीत वेणी घालत होतीस. मैत्रीला खांद्यावर घेतलं आणि बाहेरून कडी घातली. मुद्दाम. अडीच वाजता परत आलो तेव्हा तू पाणी प्यायलीस आणि एकदाच विचारलंस, सवयीनं लावली का? मी हो म्हटलं. भाऊंना तेच सांगितलं, सगळ्या लाइनीला तेच सांगितलं, आणि तू खोटं बोलतेस असं त्यांना वाटू दिलं. वयाच्या अटीत बसायचं तुझं ते शेवटचं वर्ष होतं. हेही मला माहीत होतं.

मला भीती वाटली. मिल बंद, मी घरात बसलेला, आणि तू पांढऱ्या साडीत कामावर जाणार. तुला माझी गरज उरणार नाही, असं वाटलं. दुसरं कारण नाही. शोधून बघितलं, नाही.

परवाच्या चौदा तारखेला, बाबासाहेबांच्या जयंतीला, मी महूला आलो होतो, तुम्हाला न कळवता. गंगूबाई घर सांभाळायला बसल्या होत्या. गर्दीत तुला पाणी वाटताना बघितलं. एका म्हातारीला चक्कर आली, तर तू तिला सावलीत आडवं केलंस, पदर सैल केलास, मनगट धरून नाडी मोजायला लागलीस. मैत्री ग्लास धरून उभी होती. किती उंच झाली आहे. मी पुढे यायला पाऊल उचललं आणि परत फिरलो. कोणत्या तोंडानं येणार होतो?

घरी येऊन बाहेरची कडी कोयंड्यासकट उपटून काढली. भोकं बुजवलेली नाहीत. कामावर जाताना दार नुसतं ओढून घेतो.

तू परत ये, असं मी लिहीत नाही. मला तू फार हवी आहेस, रोज हवी आहेस, पण ते मागण्याआधी एक काम बाकी आहे. येत्या शनिवारी मी महूला येतोय. आधी भाऊंच्या घरी जाऊन त्यांना खरं काय ते तोंडानं सांगीन, मग तू काम करतेस त्या दवाखान्यासमोरच्या चिंचेखाली उभा राहीन. साडेदहापासून अडीचपर्यंत. तू त्या दिवशी तेवढा वेळ हाका मारल्या होत्यास. मी हाक मारणार नाही. तू बाहेर आलंच पाहिजेस असं काही नाही. नाही आलीस तर अडीचनंतरची बस धरीन, आणि तुला दोष देणार नाही.

मैत्रीला पापा. तिला सांग, हवालदार उडतो.

कडी मुद्दाम लावणारा,
अरविंद