कवठाळीची कोणती पोरगी गेली

मी, सरस्वतीबाई गुंडेराव कुलकर्णी, जन्मनाव वृंदा, वय एकोणसाठ, निवृत्त शिक्षिका, राहणार मौजे कवठाळी, तालुका आळंद, जिल्हा गुलबर्गा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहीत आहे. वकील म्हणाले, कानडीत करून देतो. कानडी मी बाजारात बोलते. भांडायचं आणि मरायचं ते मराठीतच. डोकं ठिकाणावर आहे, चष्म्यानं दिसतं, कोणी धाक घातलेला नाही. आणि मी जिवंत आहे. मृत्युपत्रात हे सांगावं लागत नाही, पण गेल्या पावसाळ्यापासून मला ते सारखं सांगावं लागतं.

कलम पहिले, माझ्या दोन नावांविषयी.

सन १९४८ साली मी अठरा वर्षांची होते. निजामाशी लढणाऱ्या आपल्या लोकांचे कॅम्प सोलापूरच्या हद्दीत होते. त्यांचे कागद मी नेत-आणत असे. उन्हाळ्यात सरहद्दीच्या नाक्यावर पकडले गेले. खोटं नाव सांगितलं, म्हणून गुलबर्ग्याच्या तुरुंगात आहे हे घरी कळलंच नाही. घरी कॅम्पाचा निरोप आला तो असा, की कवठाळीची पोरगी ओढ्यावर गोळी लागून गेली. वडिलांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून माझं दहन केलं, तेरावाही उरकला. सप्टेंबरात भारताची फौज आली, तुरुंग उघडला आणि मी दारात येऊन उभी राहिले. भटजी म्हणाले, क्रिया झालेलं माणूस त्याच नावानं घरात घेता येत नाही. मग तुपाची आंघोळ घालून, पाळण्यात पाय ठेवायला लावून माझं बारसं केलं, आणि वृंदाची सरस्वती झाली. नवं नाव मिळालं, नवरा मिळाला नाही. एकदा मेलेली मुलगी सून म्हणून कोण करून घेणार? त्याचं मी फार मनाला लावून घेतलं नाही, मला शाळा होती. सबब दोन्ही नावांनी जे जे आहे ते माझंच आहे.

कलम दुसरे, टीव्हीविषयी.

माझा टीव्ही मी माझा भाचा नरहरराव यास देते. तो गुलबर्ग्यास मोठा साहेब आहे. वृंदेच्या बलिदानावर मालिका काढणारे मुंबईचे लोक त्यानंच माझ्याकडे आणले. मी त्यांना चहा पाजून सगळं सांगितलं. मेले नाही, हेही सांगितलं. त्यातला एक म्हणाला, ‘‘बाई, नायिका वाचली तर प्रेक्षक रडणार कसे?’’ पुढं रविवारी सकाळी अर्धं गाव माझ्या पडवीत बसू लागलं. टीव्हीपुढं नारळ फुटायचा.

शेवटच्या भागात ती टीव्हीवरची वृंदा, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन निघाली. गोवऱ्यांखाली काडतुसं. नाका पार केला, ओढ्यावर गोळी लागली, पाटी उपडी झाली. पडवीत रडारड. माझ्याच घरी माझ्याच नावानं लोक रडत होते आणि मी त्यांना पाणी देत होते. तासाभरात शेजारची रुद्रम्मा मयताच्या घरी नेतात तसा पिठलं-भाकरीचा कडू घास घेऊन आली.

‘‘खावा अक्का दोन घास. वृंदाबाई लई गुणाच्या व्हत्या.’’

‘‘अगं रुद्रम्मा, मीच की ती!’’

‘‘व्हय की. म्हणून तर तुमच्याकडंच आणले.’’

मी हसले. गोवऱ्यांच्या पाटीलाही हसले. मी जन्मात गोवऱ्यांची पाटी उचलली नाही. कुलकर्ण्यांची मुलगी पाटी घेऊन निघाली असती तर नाका कशाला, गावाच्या वेशीतच दहा जणांनी अडवलं असतं. आणि तिथंच हसू थांबलं. कारण ती पाटी खरी होती. ती सावित्रीची होती.

सावित्री म्हणजे तेव्हाच्या महारवाड्यातली, आताच्या भीमनगरातली, शोभाबाईची मुलगी. माझ्याहून वर्षाने लहान. आम्ही दोघी त्या दिवशी एकत्रच निघालो होतो. कागद माझ्याकडे, काडतुसं तिच्या पाटीत. नाक्यावरचा कारकून आमच्याच जातीचा होता. विटाळ होईल म्हणून तो तिच्या पाटीला हात लावणार नाही, हे कॅम्पाला ठाऊक होतं, म्हणून काडतुसं नेहमी तिच्याकडे. माझं गाठोडं मात्र त्यानं आपल्या हातांनी सोडलं. मला बसवून ठेवलं, ती पुढं गेली. पाटी सावरत जाणारी तिची पाठ मला दिसली, ती शेवटची. तुरुंगातून सुटून आले तेव्हा गाव म्हणालं, शोभाबाईची पोर सोलापूरला गिरणीवाल्याबरोबर पळून गेली. मी विश्वास ठेवला. सगळ्यांनीच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी बसनं आळंदला गेले. तिथं कॅम्पातले सिद्धलिंगप्पा असतात. ओढ्याचा प्रसंग मालिकेला त्यांनीच सांगितला होता. मी विचारलं, पाटीवाली कोण होती?

‘‘नाव कुठलं माहीत बाई? कवठाळीची पोरगी म्हणत व्हते. मी लांबनं बघितलो. रजाकार गेल्यावर तोंडावर पदर ओढलो आन् ओढ्याकाठीच पुरलो. तोंड बघायला जीव झाला न्हाई. दोघी हाईत हे मला ठाऊक न्हवतं. मला वाटलं तुमीच, तसा निरोप धाडलो.’’

‘‘मग मी परत आले, तेव्हा?’’

‘‘तवा आनंद झाला बगा. निरोप खोटा निघाला म्हणलो.’’

‘‘अहो, तुम्ही पुरलं होतंत ना कोणाला तरी?’’

म्हातारा हळूच म्हणाला, ‘‘ते कुणी इचारलंच न्हाई, बाई.’’

मी चाळीस वर्षं मुलांना इतिहास शिकवला. हे वाक्य ऐकल्यापासून मला नीट झोप नाही.

कलम तिसरे, घर आणि समोरची मोकळी जागा.

त्या जागेत नरहररावाला स्मारक उभारायचं आहे. ‘हुतात्मा वृंदा’ असं कोरलेला शहाबादी दगड येऊन पडलेला आहे. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आत्या, साऱ्या देशानं मालिका बघितली. आता कामून घोळ घालायलीस? सावित्रीला कोण वळखतंय?’’ साहेब झाला तरी चिडला की गावचंच बोलतो. तो वाईट नाही, पण मी डोळे मिटले की त्याला रान मोकळं, आणि माझ्या नावाचा दगड उभा राहणार. म्हणून हा सगळा खटाटोप.

सबब, ती मोकळी जागा मी सावित्रीचा धाकटा भाऊ भीमराज यास कायमची देते. तिथं त्यानं तिच्या नावाचा दगड लावावा, बाजरी पेरावी किंवा म्हैस बांधावी, ती त्याची मर्जी. घर नरहररावास, एका अटीवर: माझ्या नावाचा दगड गावात कुठंही लागला तर घरही भीमराजकडे जाईल. आणलेला दगड उलटा करून धुणं धुवायला घ्यावा, चांगला रुंद आहे. माझी पुस्तकं शाळेला.

कलम चौथे, माझ्या देहाविषयी.

नुसता अग्नी द्यावा. दहावा, तेरावा, पिंड काही नको. ते सगळं अठ्ठेचाळीस साली झालेलं आहे, आणि खरं म्हणजे योग्य मुलीसाठीच झालं, फक्त नाव चुकलं.

कलम पाचवे. यात देण्यासारखं काही नाही, पण हे लिहून ठेवल्याशिवाय मी सही करणार नाही.

मी भीमराजच्या घरी गेले. त्यांच्या घराण्यानं छप्पन साली बौद्ध धम्म घेतला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे. सावित्रीचं नाव त्या घरात कोणी काढत नसे. तिच्यापायी धाकट्या बहिणीचं जमलेलं लग्न मोडलं होतं. मी सांगत गेले. तो मधेच उठून उभा राहिला.

‘‘म्हंजे ती पळून गेली न्हाई, अक्का?’’

‘‘नाही रे.’’

तो उंबऱ्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. शोभाबाई जाऊन सहा वर्षं झाली. दर नागपंचमीला, लेकी माहेरी येतात तेव्हा, ती सोलापूरच्या गाडीला जाऊन उभी राहायची, हे तेव्हा मला कळलं. आणखी एक गोष्ट त्यानं सांगितली. मी तुरुंगातून परत आले त्या दिवशी, मेलेली मुलगी जिवंत निघाली म्हणून वडिलांनी गावभर साखर वाटली होती. महारवाड्यातही पाठवली, वरून पदरात टाकायला लावली. शोभाबाईनं पदर पसरून घेतली, चिमूट कपाळाला लावून तोंडात टाकली, आणि पोरांना म्हणाली, ‘‘बामनाची लेक वाचली रे. लई ब्येस झालं.’’

वरील सर्व मजकूर मी लिहिला, साक्षीदारांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि त्यांच्यादेखत सही केली.

सही: वृंदा ऊर्फ सरस्वती गुंडेराव कुलकर्णी

साक्षीदार:
१. सिद्धलिंगप्पा, राहणार आळंद (पुरलं ते मी. सही माझीच.)
२. रुद्रम्मा, राहणार कवठाळी, डाव्या अंगठ्याची निशाणी

मुक्काम कवठाळी, दिनांक २१ जून १९८९